विकायचं घर सजवताना



आपल्यापैकी कितीतरी जणींचं सासर किंवा माहेर तालुक्याच्या गावात आहे. घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव, ओतूर. पुढे दुकान, मागे घर, वर माडी. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, काही परदेशात. दुकान बंद झालं, मोठी माणसं गेली आणि घराला कुलूप लागलं. दिवाळीला एकदा उघडायचं, झाडायचं, दिवा लावायचा, परत कुलूप. मग कधीतरी घरात विषय निघतो, विकून टाकू या. आणि विकायचं ठरलं की ते घर दाखवण्यासारखं करण्याचं काम कुणाकडे येतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

या कामाला हल्ली ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. माझी भाची पुण्यात हाच व्यवसाय करते. आमचं घोडेगावचं घर विकायचं ठरलं तेव्हा तिच्याकडून मी हे सगळं समजून घेतलं. समजून घेताना लक्षात आलं की नाव नवीन आहे, काम फार जुनं आहे. आणि त्यातली योग्य-अयोग्याची रेघ तर आपल्या आचार्यांनी कधीच आखून ठेवली आहे. म्हणून आज थोडा इतिहास आणि थोडं घरचं.

पांढरी आणि काळी

आपल्या भागात गावाच्या वस्तीला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेतजमिनीला ‘काळी’. खाली दगडी जोतं, त्यावर मातीच्या किंवा विटांच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर कौलं, अशी आपली जुनी घरं. ओसरी, माजघर, देवघर, धान्याचं बळद, भिंतीतलं फडताळ, दिव्याच्या देवळ्या. घोडेगाव घोड नदीकाठचं, मंचरहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावरचं आणि आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. पश्चिमेकडच्या डोंगरातून हिरडा आणि भात यायचा, इकडून मीठ, तेल, कापड जायचं. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या जलाशयाला याच तालुक्यातल्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे. ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांना घर आवरून-सजवून कुणाला दाखवण्याची वेळच आली नाही, हेही या निमित्तानं आठवतं.

डोंगराच्या बाजूला पाऊस जोरात, त्यामुळे घराची निगा म्हणजे मुख्यतः पावसाची तयारी. वैशाखात घर शाकारायचं, म्हणजे कौलं उतरवून, फुटलेली काढून पुन्हा नीट बसवायची. पूर्वी गावातल्या कुंभाराची नळीची कौलं असत. मंगलोरी कौलं नंतर आली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून ही सपाट कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि मग घाटावर पोचली. जमीन चोपून सारवायची. भिंतींना चुन्याची सफेदी. चुनकळी पाण्यात विरवायची, गाळायची, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ. खाली गेरूचा पट्टा. हे सगळं दिवाळीच्या आधी. आपल्याकडे दिवाळी म्हणजे भगवान महावीरांचं निर्वाण कल्याणक आणि पेढीवरचं चोपडापूजन. म्हणजे दर वर्षी आपल्या आज्या-सासवा घर पूर्ण उपसून, धुऊन, रंगवून सजवत होत्या, पण विकण्यासाठी नव्हे.

घर विकताना मात्र ते फारसं सजवत नसत. कारण घेणारा गावातलाच असायचा. कोणाच्या भिंतीला ओल आहे, कोणाच्या विहिरीला पाणी कमी आहे, कोणत्या भावांचं आपसात पटत नाही, सगळं गावाला ठाऊक. भाव ठरायचा तो जागेचा, लाकडाचा आणि मालकाच्या शब्दाचा. कागदात घर कसं दिसतं हे लिहीत नसत, चतुःसीमा लिहीत. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. आजही खरेदीखतात ‘जल, तरू, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ असे जुने शब्द सापडतात. म्हणजे झाड, लाकूड, दगड, अगदी पुरलेलं धनसुद्धा मोजलं, पण पडदे आणि उशा कुणी मोजल्या नाहीत.

आपलं पहिलं होम स्टेजिंग

मग घर सजवून दाखवणं आपल्याकडे नव्हतंच का? होतं की! मुलगी दाखवायची असायची तेव्हा.

पाहुणे येणार म्हटलं की ओसरी झाडून नवी सतरंजी अंथरायची. भरतकाम केलेले अभ्रे बाहेर काढायचे. शेजारच्या काकूंकडून कपबशा आणायच्या, कुणाकडून लोड-तक्के. गळकी बादली आणि आजोबांची खाट मागच्या दारी. फाटकी गादी माळ्यावर. मुलीनं विणलेलं तोरण दारावर, आणि कधी कधी ते तोरण तिच्या मामीनं विणलेलं असायचं, हेही आपल्याला माहीत आहे. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, हेच तर आमचं काम आहे. फक्त आम्ही कपबशा भाड्यानं आणतो.”

तिच्या व्यवसायाचा इतिहास तिनं सांगितला तो असा. लंडनमध्ये १९०८ मध्ये ‘आयडियल होम’ नावाचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. आदर्श घर कसं असावं हे लोकांनी तिकीट काढून बघायचं. त्याच नावाचं प्रदर्शन १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं भरवलं होतं. नवं स्वयंपाकघर, नवं न्हाणीघर, खुर्च्या-टेबलं असं सगळं मांडलेलं. मुंबईतला मध्यमवर्ग तेव्हा बहुतेक भाड्यानंच राहत होता. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली ती या देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. पण बाकी शहर चाळीत, पागडीवर. भाड्याच्या खोलीला कोण सजवणार? रांग लावून लोक उभे असत.

पुढे मालकीचे फ्लॅट आले. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी १९६३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, त्याला ‘मोफा’ म्हणतात. इमारत उभी राहायच्या आधीच फ्लॅट विकले जाऊ लागले. जे अजून बांधलंच नाही ते गिऱ्हाइकाला दाखवायचं कसं? त्यातून ‘सॅम्पल फ्लॅट’ आला. तुम्हीही बघितला असेल. मऊ दिवे, मोठा आरसा, पलंग नेहमीपेक्षा आखूड, खोल्यांना दारंच नाहीत, म्हणजे जागा मोठी भासते. कपाटाला खोली नाही. बघून आपण म्हणतो, किती ऐसपैस! ताबा मिळाल्यावर आपला पलंग टाकला की कपाटाचं दार उघडत नाही.

अमेरिकेत तोपर्यंत राहत्या घराच्या विक्रीसाठी हेच काम वेगळ्या रीतीनं सुरू झालं होतं. सिएटलकडच्या बार्ब श्वार्झ या बाईंना या व्यवसायाची जननी मानतात. आपण १९७२ पासून हे काम करत असल्याचं त्या सांगतात. घर म्हणजे रंगमंच, आणि तिथे यायचा आहे तो प्रेक्षक म्हणजे खरेदीदार, म्हणून ‘स्टेजिंग’. पुढे त्यांनी त्याचे वर्ग घेतले, पुस्तकं लिहिली आणि तो जगभर एक धंदा झाला. आपल्याकडे पुण्या-मुंबईत तो आता आता आला आहे.

हे काम नेमकं असतं काय

भाचीनं मला पायऱ्या सांगितल्या. त्या मी वहीत उतरवून घेतल्या, तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली पाहणी. ती घरात मालकिणीसारखी शिरत नाही, गिऱ्हाईक होऊन शिरते. रस्त्यावरून घर कसं दिसतं, दार करकरतं का, आत पाऊल टाकल्यावर पहिला वास कसला येतो. आपल्या घराचा वास आपल्याला कधीच येत नाही, त्यामुळे हे परक्या नाकाचं काम आहे.

दुसरा उपसा. घरातलं सामान निम्म्यावर आणायचं. माळा, कपाटाखालची जागा, जिन्याखालचा कोपरा. गिऱ्हाईक कपाट उघडून बघतं, आणि गच्च भरलेलं दिसलं की त्याला वाटतं या घरात जागा कमी आहे.

तिसरं, खुणा काढणं. कुटुंबाचे फोटो, मुलांची प्रशस्तिपत्रं, हार घातलेल्या तसबिरी, दारावरची नावाची पाटी. बघणाऱ्याला तिथं स्वतःचा संसार दिसला पाहिजे, आपला नव्हे.

चौथी किरकोळ दुरुस्ती. गळता नळ, सैल कडी, फुटकी काच, लटकणारं बटण, गेलेला बल्ब. तिचं म्हणणं, गळता नळ दिसला की माणूस न दिसणाऱ्या पाइपांबद्दलही शंका घेतो.

पाचवी स्वच्छता, सहावा फिका एकसारखा रंग. सातवी मांडणी. प्रत्येक खोलीचा उपयोग एका नजरेत कळला पाहिजे. रिकाम्या घरात सोफा, पलंग, टेबल भाड्यानं आणून मांडतात. बैठकीची खोली, मुख्य झोपायची खोली आणि स्वयंपाकघर यांवर जास्त भर. आठवा उजेड आणि फोटो. हल्ली घर आधी मोबाइलवर पाहिलं जातं, आवडलं तरच माणूस पायरी चढतो. आता तर रिकाम्या खोलीच्या फोटोत संगणकावरच सोफा आणि झुंबर घालून देतात. ज्यांना प्रामाणिकपणे करायचं आहे ते त्या फोटोखाली तसं लिहितात.

आणि व्यवहार झाला की टेम्पो येतो, सोफा, गालिचा, कुंड्या सगळं परत जातं.

मी कॉमर्सची. हे ऐकताना मला कॉलेजातला एक शब्द आठवला, विंडो ड्रेसिंग. ताळेबंदाच्या तारखेच्या तोंडावर थोड्या उलाढाली अशा करायच्या की त्या एका दिवसापुरती कंपनी धट्टीकट्टी दिसावी. आकडे खोटे नसतात, पण चित्र खरं नसतं. आमचे सर म्हणायचे की हिशेब नीट मांडणं वेगळं आणि हिशेब सजवणं वेगळं, आणि ऑडिटरचं काम त्यातला फरक ओळखणं. घराच्या बाबतीत तो ऑडिटर कोण?

रेघ कुठे आहे

एक ऑडिटर कायदा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे. मालमत्तेत किंवा तिच्या मालकीहक्कात मोठा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्यानं तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक ठरते. म्हणजे ‘ग्राहका, तू सावध राहा’ एवढं म्हणून घर विकणारा सुटत नाही. आणि २०१६ च्या रेरा कायद्यानं सॅम्पल फ्लॅटलाही बांधून घेतलं. नमुना फ्लॅट किंवा जाहिरात बघून कुणी पैसे भरले आणि त्यातल्या खोट्या माहितीमुळे त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरनं भरपाई द्यायची. विक्रीही कार्पेट क्षेत्रफळावरच करायची.

दुसरा ऑडिटर आपल्या घरातच आहे. आपण श्रावकाची बारा व्रतं म्हणतो, त्यात दुसरं स्थूल मृषावाद विरमण. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात मोठी असत्यं पाच सांगितली. कन्यालीक, गवालीक, भूम्यलीक, न्यासापहार आणि कूटसाक्ष्य. मुलीविषयी खोटं, गाईविषयी खोटं, जमिनीविषयी खोटं, ठेव नाकारणं आणि खोटी साक्ष. लग्न आणि जमीन, दोन्ही एकाच यादीत! ज्या दोन प्रसंगी आपण घर सजवतो नेमके तेच. कारण दोन्हीकडे समोरचा माणूस तासभर बघतो आणि आयुष्यभर राहतो. मुलगी दाखवताना उसन्या कपबशा काढल्या म्हणून कुणी कन्यालीक म्हणणार नाही. पण मुलीचं आजारपण लपवलं तर? तसंच भिंतीला रंग दिला म्हणजे भूम्यलीक नाही. ओल झाकायला रंग दिला तर मात्र आहे.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे, म्हणजे अस्सल म्हणून बनावट वस्तू खपवणं. आपण तो अर्थ तुपात भेसळ आणि खोटं सोनं इतकाच घेतो. पण लाकडाच्या कुजलेल्या तुळईवर लाकडासारखा दिसणारा प्लॅस्टिकचा पत्रा ठोकला, तर ते दुसरं काय आहे?

माझी रेघ मग सोपी झाली. जे केल्यानं घराचं खरं रूप दिसतं ते आवरणं. जे केल्यानं खरं रूप दिसेनासं होतं ते झाकणं. पहिलं जरूर करावं, त्यात काही कमीपणा नाही. घाणेरडं घर दाखवणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे, तो आळस. दुसरं करू नये.

आमचं घर

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला ओल होती. परसदारच्या बाजूनं पाणी जोत्यात मुरायचं आणि दर पावसाळ्यात माजघराची भिंत कमरेइतकी काळी पडायची. घर बघायला लोक फेब्रुवारीपासून येणार होते, तेव्हा भिंत कोरडी. घरात सूचना आली की पांढरे पॅनेल ठोकून टाकू, छान दिसेल, बारा-पंधरा हजारांत काम होईल. भाचीनंच नाही म्हटलं. ती म्हणाली, “पॅनेलच्या मागे बुरशी धरेल, आणि पहिल्या आषाढात त्यांना कळेल. माझं नाव खराब होईल.” तिनं व्यवसायाची साख म्हटलं, मी व्रत म्हटलं, दोन्हींचा हिशेब एकच निघाला. आपल्या मारवाडी-गुजराती पेढ्या कर्जाऊ पैसा आणि हुंड्या कशावर चालवायच्या? याच एका शब्दावर, साख.

आम्ही कौलं चाळून घेतली, कुजलेल्या दोन वाशांच्या जागी नवे घातले, सफेदी केली. ओल तशीच ठेवली, आणि गवंड्याकडून दुरुस्तीचा खर्च कागदावर लिहून घेतला. घर घेणारे शिक्षक पती-पत्नी होते. माझ्या यांनी त्यांना आधी ती भिंत दाखवली, मग ओसरी. तो खर्च किमतीतून वजा झाला. नातेवाइकांत दोन-चार जण म्हणाले, वेड्यासारखं केलंत. पण त्या बाईंनी पावसाळ्याआधी जोतं बुजवून घेतलं आणि तिथं त्यांचं धान्याचं कपाट आहे. पॅनेल असतं तर ते कपाट आणि धान्य दोन्ही भिजलं असतं.

आवरताना जयणेचा प्रश्न मोठा होता. बंद घर म्हणजे जीवांचं घर. माडीवर कबुतराचं घरटं, त्यात दोन अंडी. कामगार म्हणाला, “बाई, फेकतो.” मी म्हटलं, “माडी शेवटी करा.” पिल्लं उडाली, मग माडी झाली, काम महिनाभर लांबलं. गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ते माश्या सोडून गेल्यावर काढलं. कोळी, पाली पुंजणीनं हळूच बाहेर. सरसकट औषध फवारून दोन तासांत घर ‘साफ’ करून देणारे असतात, त्यांना बोलावलं नाही. आणि ओल वेळेवर बंद करणं हीसुद्धा जयणाच आहे. शेवाळ धरलं की त्यात अनंत जीव, आणि मग खरवडायचं पाप आपल्याकडे.

देवघराच्या बाबतीत भाचीचा नियम होता की देव काढायचे, घेणारा कोणत्याही धर्माचा असू शकतो. आमच्याकडे प्रतिष्ठित प्रतिमा नव्हती, तसबिरी आणि एक सिद्धचक्राचा गट्टा होता, तो मी पुण्याला आणला. पण ज्यांच्या घरी घरदेरासर आहे त्यांनी हे काम सामान बांधण्यासारखं करू नये. आधी गुरुभगवंतांना विचारावं, संघाशी बोलावं आणि विधिपूर्वक भगवंतांना योग्य ठिकाणी विराजमान करावं. घर दाखवायची तारीख त्यानंतर ठरवावी.

आणि जातं! माजघरातलं जातं ओसरीत आणून, त्यावर हिरव्या वेलाची कुंडी ठेवायची, असं भाचीच्या कागदावर होतं. पुण्याच्या लोकांना ते ‘गावाकडचं’ म्हणून आवडतं. माझ्या मोठ्या नणंदबाई ते बघून म्हणाल्या, “या जात्यावर आईची कंबर मोडली, आणि आता त्यावर झाड?” भाचीनं लगेच कुंडी काढली. जातं ताईंकडे गेलं.

कागदाची सजावट

ताईंचा विषय निघाला म्हणून सर्वांत महत्त्वाचं शेवटी सांगते. भिंतीसारखाच कागदही सजवता येतो.

घर विकायचं म्हटलं की बहिणींना फोन जातो. “तालुक्याला ये, एक सही हवी आहे.” त्या येतात, दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्रावर सही-अंगठा करतात, साडी घेऊन जातात. सातबारा असो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ असो, कागद गुळगुळीत होतो. घेणाऱ्याला वाटतं, व्वा, एकच मालक, काही भानगड नाही.

मैत्रिणींनो, हिंदू वारसा कायदा १९५६ चा, तो आपल्या जैनांनाही लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला होता, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं सगळ्या मुलींना, लग्न झालेल्यांनाही, तो मिळाला. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं.

आमच्याकडेही हक्कसोडपत्राचाच विचार होता, रीत म्हणून. मी एवढंच केलं की एका कागदावर घराची अपेक्षित किंमत, दुरुस्तीचा खर्च, कराचा अंदाज आणि प्रत्येकाच्या वाट्याची रक्कम असं चार ओळींत लिहिलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. घरात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मोठ्या नणंदबाईंनी वाटा घेतला, त्यांना त्याची गरज होती आणि त्यांनी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. धाकट्या म्हणाल्या, “मला नको, पण मला आकडा कळला याचा आनंद आहे.” त्यांनी जे सोडलं ते दान झालं. आकडा न सांगता घेतली असती तर ती सही अदत्तादान झाली असती. जे दिलेलं नाही ते घेणं. तिसऱ्या व्रताचा हा अर्थ मला कुठल्या पाठशाळेत नाही, त्या कागदावर समजला.

कायद्याचं कलम ५५ हक्कातल्या दोषाबद्दलही तेच म्हणतं. आज ज्या बहिणीला अंधारात ठेवलं, ती किंवा तिची मुलं उद्या दाव्यात उभी राहिली तर त्या शिक्षक पती-पत्नींची ओसरी कितीही सुंदर सजवलेली असो, त्यांच्या हाती काय?

तेव्हा तुमच्या घराला कुलूप असेल आणि विकायचा विचार असेल, तर क्रम असा ठेवा. आधी भावंडांत मोकळं बोलणं आणि हिशेबाचा कागद. मग मालमत्तेचे उतारे, वारसनोंदी, घरपट्टी-वीजबिलं. शासनाच्या ‘स्वामित्व’ योजनेत २०२० मध्ये गावठाणांची ड्रोननं मोजणी सुरू झाली, तुमच्या गावची सनद तयार असेल तर ती घ्या. झालेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा, भांडवली नफ्याचा हिशेब करताना आपल्या सीएला दाखवायला लागतील. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, तेही विचारा. मग छप्पर आणि ओल. मग जयणेनं स्वच्छता. त्यानंतर हवी तर हौसेनं सजावट करा, फुलं ठेवा, दिवे लावा, भाड्यानं सोफाही आणा. एवढं झाल्यावर सजावटीला झाकण्यासारखं काही उरत नाही, आणि तेव्हाच ती शोभते.

आणि शक्य असेल तर घर एकदा पावसात दाखवा. विकणारीलाही त्या रात्री शांत झोप लागते.

जय जिनेंद्र.